पहिलं वाचायचा मान

९ जानेवारी

ताई,

पुस्तक पोचलं. बांधणी नेहमीसारखी देखणी. मागे तू शिवलेल्या चार कोऱ्या पानांपैकी अडीच तूच भरून टाकलीस आणि मला दीड ठेवलंस, हेही नेहमीसारखंच. नायकाला ‘ओल्या पुठ्ठ्याचा माणूस’ म्हटलंयस ते वाचून मी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसल्या बसल्या हसले, तर समोरचे आजोबा म्हणाले, ‘‘माझ्या खोकल्यात हसण्यासारखं काय आहे बाई?’’

आता एक बातमी. तुझे कान धड असते तर फोनवरच ओरडून सांगितली असती. वाढदिवसाला सुनेनं मला ई-पुस्तकं वाचायचं यंत्र दिलं. माझ्या मनगटाचं तुला ठाऊकच आहे. दिवसभर बाटल्यांची बुचं फिरवायची आणि घरी येऊन तुझी सहाशे पानं पेलायची, ते आता होत नाही. हे यंत्र एका हातात मावतं. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं! मी चष्मा काढून वाचलं, ताई. कुशीवर पडून, एका हातानं. पान उलटायला बोट टेकवलं की झालं. अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ समोर. आणि पोटात शेकड्यानं पुस्तकं मावतात, तरी वजन तेवढंच. आपल्यापैकी कुणाला हे साधलंय?

सध्या एका दीपगृहाच्या राखणदार बाईची कादंबरी वाचते आहे. तू पाठवलेलं जाडं पुस्तक त्यानंतर घेईन, थोडा उशीर होईल.

एक मागणं आहे. या यंत्राला तुझ्या हातचं छानसं कापडी कव्हर शिवून दे ना. मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत.

तुझी
बारकी


१७ जानेवारी

बारके,

मापं मिळाली. परत पाठवते आहे. मी पुस्तकं बांधते, पाट्यांना कपडे शिवत नाही.

तुझं मनगट दुखतं याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या पोटात दुखतंय त्याचंही कुणाला तरी वाटू दे. आपल्या घरात वाचनालयाचं एकच पुस्तक यायचं तेव्हा आईनं नियम केला होता, ताई आधी वाचेल, मग बारकी. लग्नं झाली, गावं बदलली, माझे कान कारखान्यातल्या मशीनांनी खाल्ले, तरी सत्तावीस वर्षं आपण टपालानं तो नियम पाळला. शेवटी शेवटी आईला आपली नावं आठवत नव्हती, पण पुस्तक दिलं की ‘ताईचं झालं का?’ असं विचारायची. आणि आता तू दीपगृहातल्या त्या बाईला माझ्याआधी जाऊन भेटलीस. मला विचारलंसुद्धा नाहीस.

तुझ्या पाटीत मागे कोरी पानं असतात का गं? नसणारच. मग पुस्तक संपलं की बोलायचं कुणाशी?

सुनेला माझे आशीर्वाद सांग. पोरगी हुशार आहे. मला सत्तावीस वर्षांत जे सुचलं नाही ते तिला एका वाढदिवसात सुचलं.

जाडं पुस्तक वाचायचं नसेल तर परत पाठव. वाचणारे आहेत इथे.

ताई


२८ जानेवारी

ताई,

तू रागावलीस की तुझं अक्षर उजवीकडे पडायला लागतं. या वेळचं पत्र तर पार आडवं झालंय.

जाडं पुस्तक वाचते आहे, टेबलावर ठेवून, शपथ. पण खोटं कशाला बोलू, जीव रमतो तो यंत्रात. बसथांब्यावर उभ्या उभ्या चार पानं होतात. दंतवैद्याकडे मला आत बोलावलं तर मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला आधी घ्या. जेवणाच्या सुट्टीत वाचते तेव्हा कुणाला कळतही नाही मी काय वाचते ते. आमच्या मोठ्या बाईंना वाटतं मी औषधांची नवी यादी पाठ करते आहे आणि त्या माझं कौतुक करतात.

आवडलेल्या वाक्यावर बोट फिरवलं की खाली रेघ उमटते. काल एका वाक्याखाली ओढली: ‘ती एकटीच राहायची, पण कप दोन विसळायची.’ सकाळी चहाला सुनेला वाचून दाखवलं. ती ऑफिसच्या गडबडीत होती, तरी थांबली, म्हणाली, पुन्हा वाचा. आता रोज एक वाक्य तिला लागतंच.

यंत्र मधूनच काहीबाही विचारतं. मी आधी घाबरायचे. सून म्हणाली, ‘‘आई, काहीही विचारलं तरी ‘हो’ म्हणा, काही बिघडत नाही.’’ तेव्हापासून मी वाचतही नाही काय विचारलंय ते. हो म्हणून मोकळी होते.

तूही घे ना एक. तुझे डोळेही काही कोवळे राहिलेले नाहीत.

बारकी


४ फेब्रुवारी

सूनबाई,

मी तुला पहिल्यांदाच वेगळं पत्र लिहिते आहे, म्हणजे मला काहीतरी हवं असणार हे तू ओळखलंच असशील.

आमच्या कारखान्यातल्या एका गिऱ्हाईकाला तुम्ही वापरता त्या वाचायच्या यंत्राची माहिती पाहिजे आहे.

वरची ओळ खोटी आहे. खोडणार होते, पण नवा कागद घ्यायचा कंटाळा आला. यंत्र मला पाहिजे आहे. एखादं जुनंपानं कुठे मिळत असेल तर सांग. आणि तुझ्या सासूला यातलं अक्षरही कळता कामा नये. तिच्यासमोर मी पाटी पाटी म्हणून भरपूर नाक मुरडलंय, आता तेच नाक घेऊन तिच्यासमोर कशी जाऊ?

रोज सकाळी ती तुला एक वाक्य वाचून दाखवते म्हणे. लहानपणी मला दाखवायची. मी दात घासत असले तरी मोरीपर्यंत यायची.

तुझी
मावशी


१० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

जुनंपानं कशाला, माझंच आधीचं यंत्र पाठवते आहे. डब्यात नीट गुंडाळलंय. काच एका कोपऱ्यात जराशी खरवडली आहे, बाकी ठणठणीत.

ते आमच्याच खात्यावर चालू ठेवलंय. म्हणजे आई जे पुस्तक घेतील ते तुमच्याकडे आपोआप येईल, तुम्हाला वेगळं काही करायला नको. एकच सांगते. एखादं पुस्तक उघडलं की यंत्र विचारेल, ‘दुसऱ्या यंत्रावर अमुक टक्क्यांपर्यंत वाचून झालं आहे, तिथे जायचं का?’ ते आईंचं पान असेल. तुम्ही ‘नाही’ म्हणा, म्हणजे तुमचं पान तुमच्याजवळ राहील.

आईंना सांगणार नाही. पण तुम्ही स्वतः सांगितलंत तर त्या नाचतील, मावशी. तुमचं पत्र आलं की आधी त्या एकट्या खोलीत जाऊन वाचतात, आणि मग आम्हाला त्यातले निवडक भाग मिळतात. मी या घरात येऊन पाच वर्षं झाली, मला अजून सबंध पत्र वाचायला मिळालेलं नाही.

तुमची
सून


२६ फेब्रुवारी

सूनबाई,

हरले. पाटी नव्हे, जादू आहे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत खळीचे हात धुऊन मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसते आणि अक्षर इतकं मोठं करते की एका पानावर चाळीसच शब्द मावतात. डोळ्यांना काही म्हणता काही त्रास नाही. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, कापली, दाबात घातली. हे पहिलंच पुस्तक ज्याच्या शिवणीत मला खोट काढता येत नाही, कारण शिवणच नाही. तेवढा एक राग आहे.

आणि तू म्हणालीस ते खरंच. दीपगृहाची कादंबरी उघडल्या उघडल्या त्यानं मला विचारलं, एकोणतीस टक्क्यांवर जायचं का? म्हणजे माझी बहीण कुठवर पोचलीय ते मला दिसतं. मी दिसत नाही तिला, ती दिसते मला! मी ‘नाही’ म्हटलं, पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि दोन दिवसांत तिला मागे टाकलं. आता मी अडुसष्टावर आहे. रेघाही ओढल्या, पोटभर. शेवटी नियम तो नियम, ताई आधी.

तिला काही बोलू नकोस. मला थोडे दिवस पुढे राहू दे.

मावशी


२७ फेब्रुवारी

बारके,

तुझी ती दीपगृहाची कादंबरी मलाही मिळाली हो कुठूनशी. बरी आहे. सुरुवातीला फारसं काही घडत नाही. पण खडकावर आपटून बोट फुटते तो भाग आला की मला कळव. आणि त्या तारमास्तरावर विश्वास ठेवू नकोस. यापेक्षा जास्त सांगत नाही.

सांगायला काय, सगळंच सांगता येईल. पण तू अजून मागे असशील.

जाडं पुस्तक वाचून झालं असेलच. दीड पान लिहायला किती दिवस लागतात?

ताई


१० मार्च

ताई,

जाडं पुस्तक परत पाठवते आहे. पानं भरली नाहीत, माफ कर. कामाची गडबड आहे.

तुझी कादंबरी वाचून झाली हे छान झालं. मला वाटतं माझीही झाली. नक्की आठवत नाही.

एक विचारायचं होतं. आईचं तुझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते कधी? मी तेव्हा नोकरीसाठी बाहेर होते. सुरुवात कशी झाली होती? सहज विचारते आहे.

बारकी


१६ मार्च

बारके,

तुझं दीड पान कोरंच परत. माझ्या अडीच पानांना उत्तर म्हणून एक ओळसुद्धा नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच तू तुझी जागा तशीच धाडून दिलीस.

‘मला वाटतं माझीही झाली, नक्की आठवत नाही!’ हे उत्तर झालं? मी तुला तारमास्तराबद्दल लिहिलं, तू एका शब्दानं विचारलं नाहीस. मी काय समजायचं ते समजले. रोज सकाळी चहाला सगळं बोलून होत असणार, मग ताईसाठी काय उरणार? मी जळते आहे, हो, जळते. लिहायला लाज वाटत नाही. बहीण म्हणून मला एक तूच आहेस आणि मी तुला एका यंत्राला आणि परक्या घरातून आलेल्या एका मुलीला द्यायला तयार नाही. मुलगी गुणाची आहे, म्हणून तर जास्त राग येतो.

आईचं विचारलंस. एवढं एकच तुला माझ्याकडून हवं असेल तर घे. पुस्तकापासूनच सुरू झालं. आदल्या दिवशी वाचून संपवलेलं पुस्तक तिनं हातात घेतलं आणि म्हणाली, ‘‘हे नवं दिसतंय, मी वाचलेलं नाही.’’ मी म्हटलं, अगं, पेन्सिलीच्या खुणा तुझ्याच आहेत की. तिनं त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी विषय बदलला. पुढचं तुला माहीत आहे.

ताई


२४ मार्च

ताई,

हे पत्र तू बसून वाच.

फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालं. एका संध्याकाळी दीपगृहाची कादंबरी एकोणतीस टक्क्यांवर ठेवली आणि तुझं जाडं पुस्तक हातात घेतलं. चारपाच दिवसांनी कादंबरी बसमध्ये उघडली, यंत्रानं नेहमीसारखं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, तर समोर भलतंच पान. अडुसष्ट टक्के. कोण ही माणसं, बोट कधी फुटली, काही कळेना. वाटलं यंत्र बिघडलं. म्हणून मागे मागे जात राहिले, तर प्रत्येक दोनचार पानांना रेघ. यंत्र बिघडेल, पण ते रेघा ओढणार नाही. आणि दुसऱ्या कुणी ओढल्या असत्या तर मला लगेच कळलं असतं. त्या रेघा बरोबर तिथेच होत्या जिथे मी ओढल्या असत्या. दीपगृहातली बाई नवऱ्याच्या बुटांना दर रविवारी पॉलिश करते आणि ते कुणी घालत नाही, त्या वाक्याखाली. मुलगी म्हणते, ‘मला घरी जायचंय, पण या घरी नाही,’ तिथे. म्हणजे मी हे सगळं वाचलं होतं, मला आवडलंही होतं, आणि त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. तीन पुस्तकांत झालं. यंत्र आता कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलंय. सून विचारते, आई, आजचं वाक्य? मी म्हणते, डोळे दुखतात.

आणि मग तुझं पत्र आलं, आईच्या खुणांचं.

ताई, मी औषधं देते. एक गोळी आणि अर्धी गोळी यांत माणूस जातो. परवा एका तान्ह्या बाळाच्या औषधाचं माप मी चार वेळा मोजलं आणि तरी त्या बाईला दारातून परत बोलावून पाचव्यांदा पाहिलं. बरोबर होतं. पण सहाव्यांदा बरोबर असेल हे मला कोण सांगणार? राजीनामा लिहून ठेवलाय. एक तारखेला मोठ्या बाईंच्या हातात देणार. एकतीस वर्षं त्या खिडकीत बसले, चार वर्षं उरली होती. कुणाच्या जिवावर बेतण्याआधी उठलेलं बरं.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, बारा तारखेची. घरात मुलाला, सुनेला काही सांगितलेलं नाही. तुलाच सांगते आहे. तुला नेहमी पहिला मान पाहिजे असतो ना, हा घे.

बारकी


२९ मार्च

बारके,

तुझं पत्र आज दुपारी कारखान्यात मिळालं. उभ्यानंच वाचलं. वाचता वाचता खळीचा डबा पायावर सांडला, तो अजून पुसलेला नाही.

तुला काहीही झालेलं नाही. काहीही नाही. त्या रेघा माझ्या आहेत.

मी सुनेकडून चोरून तिचं जुनं यंत्र मागवलं. ते तुमच्याच खात्यावर चालतं. तू कुठवर पोचलीस ते मला दिसायचं, आणि मी मुद्दाम तुझ्या पुढे जायची. तिन्ही पुस्तकांत. मला वाटलं, खिडकी एकाच बाजूनं उघडते; मला तू दिसतेस, तुला मी नाही. माझं यंत्र मला विचारायचं, मी नाही म्हणायची. तुझं यंत्र तुलाही तेच विचारत असणार आणि तू हो म्हणत असणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. अडुसष्टावर मी होते. बुटांच्या वाक्याखाली मी रेघ ओढली, समोर कामाची माणसं वाट बघत उभी असताना ओढली. घरी जायचंय त्या वाक्याला तर मी रडले होते.

सुनेचा दोष नाही. तिनं मला नीट सांगितलं होतं, आणि तुला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही, कारण मला तुझ्या पुढे राहायचं होतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

पत्र पोचायला पाच दिवस लागतील आणि एक तारीख तीन दिवसांवर आली. म्हणून मी ऑफिसात जाऊन तुझ्या दवाखान्याचा नंबर फिरवला. कान लावून उपयोग नव्हता. मनात वीसपर्यंत आकडे मोजले, कुणीतरी उचललं असेल असं धरलं आणि बोलायला लागले. जे वर लिहिलंय ते सगळं बोलले. उचलायला उशीर झाला असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून बोलले. मग तिसऱ्यांदा. ऑफिसातला कारकून कानात बोटं घालून उभा होता. कुणी ऐकलं का, तू ऐकलंस का, मला ठाऊक नाही.

सुनेलाही लिहिते आहे. बारके, राजीनामा देऊ नकोस. देऊ नकोस.

ताई


५ एप्रिल

ताई,

तू फोन केलास तेव्हा मी तिथे नव्हते. मी मागच्या खोलीत माझा खण रिकामा करत होते. मला एक तारखेपर्यंत धीर निघाला नाही. त्याच दिवशी सकाळी पाकीट मोठ्या बाईंना दिलं होतं, आणि संध्याकाळच्या टपालानं ते वरच्या ऑफिसला जायचं होतं.

फोन मोठ्या बाईंनी उचलला. त्यांनी तीन वेळा ‘कोण बोलतंय?’ विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही, कारण तोपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनाच नाही, रांगेतल्या माणसांनाही. तू इतक्या मोठ्यानं बोलतेस की फोन टेबलावर ठेवला तरी रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जातं. तिसऱ्या वेळी तू ‘मी मुद्दाम तिच्या पुढे जायची’ म्हणालीस तेव्हा रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘मोठ्या बहिणी सगळ्या अशाच.’’ खोकल्याचे आजोबाही होते. ते आता औषधासाठी रिकामी बाटली पुढे करताना मला विचारतात, आज कितवं पान?

मोठ्या बाईंनी मागे येऊन पाकीट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ‘‘खण परत भर. आणि ते यंत्र काय विचारतं ते यापुढे वाचत जा. औषधाची चिठ्ठी न वाचता तू कधी हो म्हणाली आहेस का?’’

घरी येऊन मी सुनेला सगळं सांगितलं. ती रडायला लागली. मला वाटलं तुझ्या लबाडीबद्दल, तर म्हणाली, ‘‘एक महिना तुम्ही एकट्यानं हे काढलंत आणि मला फक्त डोळे दुखतात म्हणालात.’’ बारा तारखेची वेळ मी रद्द करणार होते. ती म्हणाली, जाऊन याच. जाऊन येईन.

आता तुझं. मी तुला माफ केलेलं नाही. महिनाभर मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून स्वतःला आपला पत्ता विचारत होते. शेजारणीचं नाव एका क्षणाला आठवलं नाही तर घाम फुटायचा. नातवंडं झाली तर मला ओळखू येतील का, असा विचार करत बसायचे, आणि अजून नातवंडाचा पत्ता नाही. हे तू केलंस. पहिल्या पानासाठी.

पण काल यंत्र कपाटातून काढलं. दीपगृहाची कादंबरी पहिल्यापासून वाचली, तुझ्या रेघांसकट. मला सगळ्यात जास्त भीती त्या रेघांची वाटली होती, कारण त्या माझ्या होत्या. अजूनही वाचताना तसंच वाटतं. एका जागी तू रेघ ओढली नाहीस आणि मी ओढली असती, असं शोधत शेवटपर्यंत गेले. एकच सापडली. कप विसळायच्या वाक्यावर तू दुसरी रेघ ओढली नव्हतीस, कारण माझी आधीच होती.

माझी अट अशी. यापुढे पहिलं वाचायचा मान माझा. माझ्या पानाच्या पुढे एक ओळसुद्धा जायचं नाही. सत्तावीस वर्षं म्हणजे सत्तावीस वर्षं.

मापं पुन्हा लिहून पाठवते आहे.

बारकी


१९ एप्रिल

बारके,

कव्हर पाठवते आहे. निळं कापड, आतून अस्तर, कडेला दोऱ्याची दुहेरी शिवण. तुझं मनगट दुखू नये म्हणून पुठ्ठा अगदी पातळ घेतला. मागे चार कोरी पानं शिवली आहेत. ओढली की सुटतील अशी, म्हणजे भरली की मला टपालानं पाठवता येतील. चारही तुझी. मी एक अक्षर लिहिलेलं नाही, उलटून पालटून बघ.

डॉक्टरांनी तुला ठणठणीत ठरवलं हे सुनेच्या पत्रावरून कळलं. तुझ्या पत्रावरून नाही. ठीक आहे, माझी शिक्षा आहे. पण तिनं सबंध तीन पानं लिहिली, आणि त्यातल्या एका पानावर तू तिला सकाळी वाचून दाखवलेली वाक्यं आहेत. वाचून मला आनंद झाला आणि अंगाचा तिळपापडही झाला, दोन्ही एकाच वेळी. हे जायला वेळ लागेल, मला वाटतं जायचंच नाही.

अट पाळते आहे. खाणीच्या गावातल्या खुनाचं पुस्तक तू एक्केचाळीस टक्क्यांवर ठेवलंयस आणि मी एक्केचाळीसाला येऊन उभी आहे. आज पाचवा दिवस. मुख्याध्यापिकेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेवढं कळलं की मी गप्प बसेन. कारखान्यात रोज सुट्टीत यंत्र उघडते. ते काही विचारत नाही, म्हणजे तू हललेली नाहीस. मग मी मागची पानं पुन्हा वाचते. कारकून विचारतो, ‘‘बाई, तुम्ही पुढे का जात नाही?’’ त्याला काय सांगू?

तुला वेळ नसेल तर समजू शकते. पण जाणूनबुजून थांबली असशील तर, बारके, मी तुझी मोठी बहीण आहे, मलाही हे डाव कळतात. आणि सुनेला पुढचं आधीच सांगितलं असशील तर मी

थांब. लिहिता लिहिता सवयीनं यंत्र उघडलं. ते विचारतंय, चव्वेचाळीस टक्क्यांवर जायचं का?

‘नाही’ म्हटलं. बाकीचं नंतर लिहीन, माझे तीन टक्के वाचायचे राहिले आहेत.

ताई